गोळ्या घेतल्या तर कविता जाईल का?

एका एकतिशीच्या कवीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठ महिन्यांपूर्वी त्यांची झोप उडाली, आठवडाभरात दीड वही कवितांनी भरली, नोकरीचा राजीनामा देऊन झाला आणि शेवटी घरच्यांनी दवाखान्यात दाखल केलं. निदान बायपोलर, म्हणजे मनःस्थिती कधी टोकाची चढण्याचा आणि कधी टोकाची खचण्याचा आजार. तेव्हापासून मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम सुरू आहे, शिवाय रात्री आणखी एक गोळी. घरचे म्हणतात, बरा झालास. पण गेल्या पाच महिन्यांत एक ओळ सुचलेली नाही. मित्राचं म्हणणं असं की थोडं वेड असल्याशिवाय कलावंत होता येत नाही, आणि हे डॉक्टर तुला चारचौघांसारखा करून सोडणार. तर प्रतिभेचं आणि मनोविकाराचं खरंच काही नातं असतं का, आणि गोळ्या बंद कराव्यात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं वाचायला जरा स्वस्थता लागेल. गोळ्या आज बंद करू नका. लिथियम एकदम थांबवलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद, म्हणजे तोच चढ, उलटून येण्याची शक्यता बरीच वाढते, आत्महत्येचा धोकाही वाढतो. कधी कमी करायचं ठरलंच तर ते आठवड्या-आठवड्यानं, शक्यतो दोन-तीन महिने घेऊन आणि तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मी तुम्हाला तपासलेलं नाही. याआधी असे चढ किती आले, घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का, रात्रीची ती दुसरी गोळी कोणती, रक्तातली लिथियमची लेव्हल किती, या प्रत्येक गोष्टीनं उत्तर थोडं बदलतं. तेवढं सोडून जे सांगता येईल ते सांगतो.

पंचवीस-सव्वीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी चित्रकारांकडून, गायकांकडून, एका गणिताच्या प्राध्यापकाकडूनही ऐकलाय. विचारतात सगळे गोळ्यांबद्दलच. पण आतला प्रश्न वेगळा असतो आणि तो सहसा तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतो: लिहिणारा तो मी होतो, की तो आजार होता? आजार असेल तर मग माझं म्हणून उरलं काय? मित्राचं बोलणं तुम्हाला लागलं ते त्यामुळेच. त्यानं नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय.

यात आपल्या भाषेनंही थोडा घोळ घालून ठेवलाय. एखाद्याला नाटकाचं वेड आहे, गाण्याचं वेड आहे, असं आपण कौतुकानं म्हणतो. आणि दवाखान्यात धरून आणलेल्या माणसासाठीही शब्द तोच, वेड लागलं. पहिल्या वेडात माणूस एकाच गोष्टीला वीस वर्षं चिकटून राहतो. दुसऱ्यात त्याच्यानं एका गोष्टीपाशी वीस मिनिटं बसवत नाही. तुमच्या मित्रानं पहिलं दाखवून दुसरं तुमच्या गळ्यात मारलंय.

अर्थात कल्पना त्याची नव्हे, ती फार जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात (तो बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कोणीतरी लिहिला) प्रश्न विचारलाय की तत्त्वज्ञान, काव्य, राजकारण यांत पुढे आलेली माणसं विषण्ण प्रकृतीची का असतात. १८६४ मध्ये इटलीतल्या लोंब्रोसो या डॉक्टरानं प्रतिभा आणि वेड यांचं मूळ एकच, असा सिद्धान्त मांडला. हेच गृहस्थ गुन्हेगार चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो असंही सांगत, त्यामुळे त्यांचं किती मनावर घ्यायचं ते ठरवा.

मोजमाप करून पाहणं सुरू झालं ते बरंच नंतर. १९८७ मध्ये नॅन्सी अँड्रियासन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आयोवाच्या लेखन कार्यशाळेतले ३० लेखक आणि तेवढीच इतर व्यवसायांतली माणसं घेतली. त्यांना लेखकांमध्ये स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचा, माग सापडेल असं वाटत होतं. सापडलं भलतंच. ८० टक्के लेखकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य किंवा बायपोलरसारखा मनःस्थितीचा विकार होऊन गेला होता, इतरांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. हा ८० चा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतोय. पण माणसं होती तीसच, एकाच कार्यशाळेतली, आणि मुलाखती घेणाऱ्या बाईंना समोरचा लेखक आहे की नाही हे माहीत होतं. आमच्या क्षेत्रात अशा अभ्यासाचा मान ठेवतात, पण त्यावर घर बांधत नाहीत.

घर बांधता येईल असा पाया २०११ आणि २०१३ मध्ये स्वीडनमधून आला. तिथं प्रत्येकाच्या आजाराची, व्यवसायाची आणि नातलगांची सरकारी नोंद असते. संशोधकांनी सुमारे १२ लाख रुग्णांच्या नोंदी त्यांच्या नातेवाइकांसह तपासल्या. सर्जनशील व्यवसायांत एकूण मनोविकारांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं नाही. अपवाद बायपोलरचा. आणि दुसरा अपवाद, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा, लेखकांचा: त्यांच्यात बायपोलर, स्किझोफ्रेनिया, नैराश्य, चिंता, व्यसनं सगळंच जास्त होतं आणि आत्महत्यांचं प्रमाण सुमारे दीडपट होतं. म्हणजे नातं आहे. मी ते नाकारत बसणार नाही. फक्त 'आजारामुळे लिहिता येतं' असं त्यातून निघत नाही. सतत नकार पचवायचे, रात्री-अपरात्री जागायचं, महिन्याच्या पैशांची शाश्वती नाही, या धंद्यात मुळात ठणठणीत माणूसही आजारी पडू शकतो. कार्यकारण उलट्या दिशेनंही वाहत असेल.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्यांची सख्खी भावंडं, आई-वडील, मुलं, म्हणजे स्वतः आजारी नसलेली, सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा जास्त सापडली. आजार ज्यांना झाला नाही पण रक्तात ज्याचा थोडा अंश आहे, अशी ही माणसं. याचा अर्थ मी असा लावतो. आपल्या मेंदूत एक गाळणी असते. पंख्याची घरघर, भिंतीवरचा डाग, समोरच्याच्या बोलण्यातला एखादा विचित्र शब्द, असं बिनकामाचं बहुतेक सगळं ती जाणिवेपर्यंत येऊच देत नाही. काहींची गाळणी जरा मोठ्या भोकांची असते. त्यांना इतरांना न दिसणारं दिसतं, दूरदूरच्या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्याशा वाटतात. पण आत आलेलं निवडायला, धरून ठेवायला, बाकीचं फेकायला ताकद लागते. ती असेल तर कविता होते. गाळणीच फाटली तर नुसता पूर येतो. २०१५ मध्ये आइसलँडच्या लोकसंख्येवर जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही या आजारांचा जनुकीय कल आणि कलाक्षेत्रातलं काम यांत संबंध दिसला. मात्र माणसामाणसांतल्या सर्जनशीलतेच्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडला नाही. मथळे मोठे होते, आकडा एवढासाच.

आता मेलेल्या कलावंतांबद्दल, कारण त्यांची नावं घेतल्याशिवाय ही चर्चा होतच नाही. संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८४० मध्ये एका वर्षात सव्वाशेहून जास्त गीतं केली. १८४४ सारख्या खचलेल्या वर्षात जवळजवळ काहीच नाही. चढ-उताराचा आलेख कोणालाही दिसेल असा आहे. पण १९९४ मध्ये एका मानसशास्त्रज्ञानं पुढचा प्रश्न विचारला: चढत्या वर्षांतल्या रचना जास्त चांगल्या होत्या का? एखादी रचना पुढे किती वेळा ध्वनिमुद्रित झाली हा निकष त्यानं घेतला. उत्तर आलं की संख्या वाढली होती, रचनांचा दर्जा वाढला नव्हता. शूमान १८५४ मध्ये ऱ्हाईन नदीत उडी घेऊन वाचले आणि उरलेली दोन वर्षं मनोरुग्णालयात गेली. चित्रकार व्हॅन गॉग फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या रुग्णालयात वर्षभर होता, १८८९ च्या मे ते १८९० च्या मे. तिथं त्यानं सुमारे दीडशे चित्रं रंगवली, ती बहुतांशी झटक्यांच्या मधल्या शांत काळात. झटका आला की आठवडेच्या आठवडे ब्रश हातात धरता येत नसे. गणितज्ञ जॉन नॅशचा ज्या कामासाठी १९९४ मध्ये नोबेलनं सन्मान झाला ते १९५० च्या आसपासचं. स्किझोफ्रेनियाची लक्षणं १९५९ मध्ये दिसली. आणि संगीतकार बाख? हजारावर रचना, चर्चची नोकरी, वीस मुलं, वरिष्ठांशी पगारावरून कटकटी. त्याच्या डोक्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून तो या यादीत येत नाही.

पण तुम्ही काही शूमान नाही आणि मलाही कवितेतलं फार कळत नाही. म्हणून मला जे कळतं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक पेशंट आला होता, तोही कवीच (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत). गोळ्यांनी मला कोरडं केलं, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या वेळी वह्या घेऊन या. त्यानं तीन आणल्या. त्याच्या पुढ्यात कविता वाचायचा मला संकोच वाटला, म्हणून मी नुसतं अक्षर बघत होतो. पहिली वही आजाराच्या आधीची. बारीक, रेघेवर बसलेलं अक्षर, जागोजाग खाडाखोड, समासात बाण, एक शब्द चार वेळा बदलून पाचव्यांदा पहिलाच ठेवलेला. दुसरी वही चढाच्या दिवसांतली. पाच-सहा पानांत अक्षर मोठं होत गेलं, मग रेघा सोडून तिरकं धावायला लागलं, पुढे पुढे पानभर तीन-चारच शब्द. आणि चाळीस पानांत एकही शब्द खोडलेला नाही. शेवटच्या पानांवर तर फक्त यमकं उरली होती, एका शब्दाच्या नादावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. केवळ नादानं शब्द ओढले जाणं हे आमच्याकडे उन्मादाचं लक्षण म्हणून केसपेपरवर लिहितात. तिसरी वही गोळ्या सुरू झाल्यानंतरची. सगळ्या मिळून अकरा ओळी, त्यातल्या सात खोडलेल्या.

यातलं छापून आलेलं कुठलं, मी विचारलं. जवळजवळ सगळं पहिल्या वहीतलं. दुसरीतल्या दोन कविता छापल्या होत्या, त्याही वर्षभरानं पुन्हा हात फिरवून. त्यातल्या प्रतिमा चांगल्या होत्या हं. त्या स्वस्थ असताना सुचल्या असत्या का, मला सांगता येणार नाही. तो बराच वेळ दुसरी वही चाळत राहिला. मग म्हणाला, "पण डॉक्टर, त्या रात्री जे वाटत होतं ना..." आणि थांबला.

त्या अर्धवट वाक्यात बरंच काही आहे. सौम्य उन्मादात जे वाटतं त्याला तोड नाही, हे मी पेशंटकडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. प्रत्येक शब्द उजळलेला, थकवा नाही, शंका नाही. नंतरचं साधं, खुरडत लिहिणं त्याच्याशी ताडून पाहिलं की मेल्यासारखंच वाटणार. तुलना करायची तर आजाराच्या आधीच्या दिवसांशी करा, तेव्हाही महिनोन्महिने काही सुचत नसेल. आणि त्या रात्रींचं जे दुःख होतंय ते होऊ द्या. काहीतरी गमावलंय हे खरंच आहे.

तरीही पाच महिने एक ओळ नाही, हे मी नुसती त्या रात्रींची ओढ म्हणून सोडणार नाही. इथं माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक चित्रकार बाई यायच्या. म्हणाल्या, डॉक्टर, रेष माझी राहिली नाही. मी हे अलंकारिक समजलो आणि वर प्रवचन दिलं, आयुष्य महत्त्वाचं की चित्रं. त्या गप्प बसल्या, घरी जाऊन गोळ्या बंद केल्या आणि दहा आठवड्यांनी उन्मादात दाखल झाल्या. पुढे कधीतरी त्यांनी समोर कागदावर गोल काढून दाखवला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात थरथरत होता. रेष खरोखरच थरथरत होती. लिथियमनं असा कंप येतो आणि तो बऱ्याच अंशी डोसवर अवलंबून असतो. लेव्हल १ च्या वर गेली होती, ती ०.७ च्या आसपास आणली, चहा-कॉफी कमी केली आणि रेष बऱ्यापैकी परत आली. माझ्या प्रवचनाची किंमत त्यांना रुग्णालयात दाखल होऊन मोजावी लागली.

तेव्हापासून कोणी 'सुचत नाही' म्हटलं की मी आधी शरीर आणि औषधं बघतो. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय मागे राहिलेल्या नैराश्यावर आहे. उन्माद ओसरल्यावर बरेचदा एक सपाट, राखाडी काळ येतो. माणूस जेवतो, कामावर जातो, भांडत नाही, म्हणून घरच्यांना बरा वाटतो. कविता सोडून बाकीच्यात तरी रस आहे का? आवडीचं गाणं ऐकताना काही होतं का? सकाळी उठवत नाही का? उत्तरं नकारार्थी असतील तर गोळ्यांमुळे कविता गेली असं समजून तुम्ही गोळ्या सोडाल, आणि ज्यानं कविता अडवलीय त्याचा इलाज राहूनच जाईल. दुसरा संशय थायरॉइडवर. लिथियममुळे काहींचा थायरॉइड मंदावतो आणि डोकं जड, विचार संथ होतात. ही साधी रक्ततपासणी आहे, लिथियम चालू असताना दर सहा महिन्यांनी ती आणि किडनीची तपासणी व्हायलाच हवी. तिसरा, ती रात्रीची गोळी. तीव्र उन्माद आवरायला दिलेलं औषध कधी कधी नुसतं सवयीनं पुढे चालू राहतं. ते झोप आणणारं, गुंगी ठेवणारं असेल तर कमी करता येईल का, हा अगदी रास्त प्रश्न आहे. मग लेव्हल. बरेपण टिकवण्याच्या काळात पुष्कळांना ०.६ ते ०.८ पुरते, काहींना थोडी जास्त लागते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. दुखण्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन, आणि अंगातलं पाणी कमी होणं यानंही लेव्हल चढते.

आणि हे सगळं नीट असूनही सुचत नसेल तर? तर असंही असतं की लिथियम तुम्हाला मानवत नाही. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शू यांनी लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं होतं, अहवाल १९७९ चा. बारा जणांनी सांगितलं की काम वाढलं, सहांनी फरक नाही म्हटलं, आणि सहांनी कमी झालं. लहान अभ्यास आहे, पण माझा अनुभवही साधारण याच मापाचा आहे. तुम्ही त्या शेवटच्या सहांत असाल तर ते तुमच्या डॉक्टरांना कळायला हवं, कारण इतर औषधं आहेत. मात्र लिथियमइतका आत्महत्येचा धोका कमी केल्याचा पुरावा बाकीच्यांपाशी नाही. म्हणून बदल करताना घाई नको.

डॉक्टरांशी बोलताना 'गोळ्या नकोत' म्हणून सुरुवात केलीत तर आमच्यातले बरेचजण लगेच बचावाच्या पवित्र्यात जातात. मीही गेलो असतो. त्यापेक्षा म्हणा, लिहिता येणं हे माझ्या बरं होण्याचं एक माप आहे, झोप आणि भूक लिहिता तसं तेही केसपेपरवर लिहा. त्या तीन वह्यांच्या कवीबरोबर आम्ही धोक्याच्या खुणांची यादी केली तेव्हा पहिली खूण सगळ्यांसारखीच होती: सलग दोन रात्री कमी झोप आणि तरी थकवा नाही. ती बघायचं काम बहिणीकडे. दुसरी त्यानं स्वतः सुचवली. वहीतली खाडाखोड थांबली तर फोन करायचा. त्यानंतर दोनदा केला त्यानं. दोन्ही वेळा औषध थोडं वाढवून दाखल न करता भागलं. लिहितोही. पूर्वीपेक्षा कमी, असं म्हणतो.

तुम्ही सध्या कविता लिहायला बसू नका. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं काहीही लिहा, दिवसभरात पाहिलेल्या एका वस्तूचं वर्णन लिहिलं तरी चालेल. रात्री मात्र नको, झोप मोडायला आपल्याला एवढं निमित्तही पुरतं. आणि ती दीड वही फाडू नका, आत्ता वाचतही बसू नका. घरात ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याकडे ठेवायला द्या. थायरॉइड, लेव्हल बघून झाली, पाच-सहा महिने बरे गेले, की मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पेन नको. खोडल्यावर परत घ्याव्याशा वाटतील अशा दोन-चार ओळी त्यात निघतील.